ऑरिलाची पुडकी

खोक्याचं झाकण बाजूला ठेवून आयलीनने न बघताच हात आत घातला. डोळे खिडकीबाहेर होते, जिथे रस्त्याकडेचे बर्फाचे ढिगारे गाड्यांच्या धुराने काळे पडले होते. आणि मन पाळणाघरात. सकाळी तान्ह्या टिलीला त्या अनोळखी बाईच्या खांद्यावर देताना टिली रडली नव्हती, नुसती बघत राहिली होती, आणि तेच जास्त लागलं होतं. पण बोटांना आपलं काम ठाऊक होतं. या खोक्यात हात घातला की आधी चिंधीची गाठ लागते, जराशी खरखरीत, सुकलेल्या शेंगेएवढी, आणि तिच्याखाली कागदांची फुगीर, ओबडधोबड पाठ. त्याऐवजी बोटांना एक सरळ, गुळगुळीत, थंड कड लागली. तिच्यामागे दुसरी. तिसरी. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून पाऊल टाकावं आणि पायाखाली एकदम जमीनच यावी, तसा तिचा हात अडखळला. तिने वाकून पाहिलं. आत फिकट रंगाचे फोल्डर एकामागे एक उभे होते, कवायतीला उभ्या केलेल्या मुलांसारखे, आणि प्रत्येकाच्या कानावर पेन्सिलीने, गोल, सुबक, शाळामास्तरणीच्या अक्षरात तारीख घातलेली होती. मार्च १८५१. मे १८५१. जानेवारी १८५२. खोक्यावरचा आकडा तिने पुन्हा पाहिला. खोकं तेच होतं. पुडकी नव्हती.

लूमर हे नाव न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरात अजून टिकून आहे. नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीला ते आहे, टेकडीवरच्या दफनभूमीत एका उंच खांबावर आहे, आणि जुन्या घरांच्या तळघरांत गंजत पडलेल्या बिडाच्या शेगड्यांच्या दारांवर तर आहेच. इझ्रा लूमरने शेगड्या ओतल्या, पोत्यांनी पैसा केला आणि जन्मभर पत्रं लिहिली. बफेलोहून, क्लीव्हलंडहून, कालव्यावरच्या बोटीतून, कुठूनही. त्याच्या घराण्याचे कागद शहराच्या इतिहास संस्थेकडे आले तेव्हा ते लावायचं काम आयलीनकडे आलं, आणि वर्षभर ती कच्च्या लोखंडाचे भाव, मजुरांची भांडणं, भाचे-पुतण्यांच्या मागण्या यांतून वाट काढत राहिली. एवढ्या कागदांत इझ्राची बायको ऑरिला हिच्या हातची एकही ओळ नव्हती. तिला आलेली पत्रं होती. तिच्या तब्येतीची चौकशी होती, दुकानदारांची बिलं होती, तीही 'सौ. इझ्रा लूमर' या नावाची. तिचं उत्तर कुठेच नव्हतं. आणि मग सगळ्यात शेवटी, माळ्यावरच्या एका ट्रंकेतून, हे खोकं आलं. त्यात पुडकी होती, कापडाच्या पट्ट्यांनी बांधलेली. तपकिरी ठिपक्यांची पट्टी, लाल फ्लॅनेलची, गादीच्या अभ्र्याची निळ्या रेघांची, कुठल्याशा लहान झग्याची दुमडीसकट फाडलेली. आतले कागद बघावेत तर कशाचा कशाला मेळ नाही. नवऱ्याच्या जुन्या पत्राच्या मांडीला मांडी लावून सात वर्षांनंतरचं चांभाराचं बिल, त्यात केकची कृती, मध्येच एक कोरा तुकडा. पहिल्या दिवशी आयलीनला हसूच आलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने तपकिरी ठिपक्यांचं पुडकं गाठ न सोडता, कागदांच्या कडा अलगद उघडून वाचलं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं, आणि मग तिचा हात कागदावर तसाच राहिला. नवरा एका पत्रात लिहीत होता की या वर्षी घरासाठी खर्चाला काही उरणार नाही, आणि त्या पत्रावर, त्याला पूर्ण झाकून, त्याने त्याच वर्षी न्यूयॉर्कला शिवून घेतलेल्या कोटाचं बिल होतं. बाकी काही नव्हतं. शेरा नाही, खूण नाही. ऑरिला लिहीत नव्हती. ती एक कागद दुसऱ्याशेजारी ठेवत होती आणि वरून गाठ मारत होती.

हे लिहून ठेवायला हवं होतं. प्रत्येक पुडक्यात काय, कशावर काय, कुठल्या पट्टीने बांधलेलं. तो तर या कामाचा पहिला धडा. जसं सापडलं तसं ठेवायचं. हलवावंच लागलं तर आधी टिपायचं. पण ऑक्टोबर संपत आला होता, पोट टेबलाच्या कडेला लागत होतं, पाय सुजून बुटात मावत नव्हते, आणि ती पुडकी टिपणं म्हणजे घाईत उरकायचं काम नव्हतं. सोमवारी शांतपणे बसू, असं ती म्हणाली होती. स्वतःलाच म्हणाली होती, म्हणून कुणी साक्षीदार नाही. फोन खिशात होता, फोटो काढता आले असते. का काढले नाहीत याचं उत्तर तिला आजही देता आलं नसतं. झोपलेल्या माणसाचा फोटो काढावा तसं काहीतरी वाटलं होतं. एकच फोटो होता. तिने नवऱ्याला, केल्विनला, गंमत म्हणून पाठवलेला, खोक्याशेजारी उभी राहून काढलेला. त्यात सगळी चौकट तिच्या पोटानेच भरली होती, आणि पोटामागे, धुरकट, पट्ट्यांचे रंग. शनिवारी सकाळी भांडी घासताना पाणमोट फुटली. टिली वेळेआधी आली, काही दिवस इस्पितळात काचेच्या पेटीत राहिली, आणि तो सोमवार आयलीनने काचेच्या गोल भोकातून हात आत घालून, तळव्याखाली एक एवढीशी पाठ वरखाली होताना मोजत काढला.

आज, रजेनंतरच्या पहिल्या दिवशी, संस्थेच्या जेवणाच्या खोलीत व्हर्ना सूप गरम करत होती. चाळीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झालेली, आठवड्यातून तीन दिवस संस्थेत फुकट राबणारी, पांढऱ्या आखूड केसांची बाई. आयलीनला बघताच तिने चमचा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तिचे गाल धरले.

"काय गं हे, चेहरा केवढासा झालाय. झोप देते का ती बया?"

"देते अधूनमधून."

"अधूनमधून म्हणजे नाहीच. माझा थोरला दोन वर्षांचा होईपर्यंत मी उभ्याउभ्या झोपायचे. वर्गात, फळ्याकडे तोंड करून." व्हर्ना हसली. मग आवाज खाली आणून, वाढदिवसाची भेट लपवून ठेवावी तशा चेहऱ्याने म्हणाली, "बघितलंस? खोकं?"

"बघितलं."

"मी लॉयडला मुद्दाम बजावलं होतं, तिला सांगायचं नाही म्हणून. म्हटलं, पोरगी येईल तेव्हा तिचं तिला दिसू दे. तिकडे ते बाळ पेटीत आणि इकडे तुझ्या डोक्यावर हा पसारा. मला नुसतं बसवेना बघ. दिवसाला एक पुडकं सोडायचे. आणि त्या बाईने गाठी तरी काय मारल्या होत्या. नखं गेली माझी."

आयलीनने खुर्ची ओढली. बसली. "व्हर्ना, कुठल्या पुडक्यात काय होतं, ते तुम्ही कुठे लिहून ठेवलंत?"

"ते कशाला? काही ताळमेळच नव्हता त्याला. एकावन्नचं पत्र, चोपन्नचं बिल, मध्येच अंड्यांचा हिशेब. बिचारीला वेळ कुठला, हाताला लागेल ते बांधलं असणार. मी सगळं टेबलावर पसरलं आणि तारखेने लावलं. आता कुणीही यावं आणि हवं ते वर्ष काढावं." मग आयलीनच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसून ती थांबली. "आणि बांधलेलं ठेवायचं नाही, हे तर तूच मला शिकवलंस. पहिल्याच दिवशी. टाचण्या, रबर, दोऱ्या, चिंध्या, कागदाला चावणारं सगळं आधी काढायचं. मी वहीत लिहून घेतलंय."

शिकवलं होतं. आयलीनला तो दिवस आठवला, तो जड चिमटा, गंजलेली टाचणी कशी मागून वाकवून काढायची ते दाखवताना व्हर्नाने जवळ आणलेला चष्मा. धड्याचा हा अर्धा भाग हाताने दाखवता येतो, म्हणून तो आधी शिकवला जातो. दुसरा अर्धा बोलून सांगायचा असतो, आणि तो बोलायचं त्या दिवशी राहून गेलं, नाहीतर बोलली असेल आणि व्हर्ना तेव्हा टाचणीकडे बघत असेल. आता सूप उकळायला लागलं होतं आणि व्हर्ना तिच्याकडे बघत होती, तिसरीच्या वर्गातलं मूल बघतं तशी, बरोबर ना, असं विचारत.

"पट्ट्या कुठे आहेत?" आयलीनने विचारलं. "टाकल्या?"

"कापड टाकेन मी?" व्हर्नाला खरंच लागलं. "असलं जुनं कापड आता मिळतं कुठे? तू ओळखलं नाहीस होय? अगं, टिलीच्या गोधडीला लावलंय सगळं. काठाला. मला वाटलं तुझ्या लक्षात आलं असेल, तू तर एवढी त्यात बुडालेली असायचीस. म्हटलं, आईच्या कामातलं काहीतरी लेकीच्या अंगावर असू दे."

नाताळात आलेली ती गोधडी. पिवळ्या-पांढऱ्या चौकड्यांची, काठाला रंगीबेरंगी तुकडे. टिली आता ज्या एकाच गोष्टीखाली निवांत झोपते, ती. आयलीनने ती किती वेळा धुतली असेल, दुधाची ओकारी, शी, औषधाचा गुलाबी डाग. आणि दर वेळी कढत पाण्यात, कारण इस्पितळातल्या परिचारिकेने सांगितलं होतं, गरम पाण्यानेच धुवा, वेळेआधी आलेल्या मुलांना जपावं लागतं.

"छान आहे गोधडी," ती म्हणाली. तिला वाटलं आता आपण रडू किंवा ओरडू, पण त्याऐवजी छातीत कळ येऊन दूध उतरलं आणि ब्लाउजवर ओला गोल पसरला. व्हर्नानेच पटकन स्वतःचा स्वेटर काढून तिच्या खांद्यावर घातला.

दूध काढायला संस्थेने तिला कागदांच्या कोठारातला एक कोपरा दिला होता, कारण इमारतीत कडी लागणारी खोली तेवढीच. कोठार थंड असतं, कागदाला मानवेल इतकं थंड. कपाटांच्या रांगांमध्ये खुर्ची टाकून, कोटाखाली पंप लावून आयलीन बसली, आणि ते यंत्र आपल्या एकसुरी आवाजात ओढत राहिलं. राग यायला हवा होता. आला होताही, पण त्याला बसायला जागा मिळत नव्हती. व्हर्नावर तो बसेना. स्वतःवर बसवावा तर लगेच ते भोक आणि तो हात आणि ती वरखाली होणारी पाठ. तो सोमवार तिने परत मागितला नसता, काही झालं तरी नाही. मग राग ऑरिलावर गेला, थोडा वेळ. लिहायचं होतंस ना एक ओळ. लिहिता येत होतं तुला. अमक्या कागदाचा अमक्याशी काय संबंध, हे एखाद्या कोपऱ्यात खरडायला काय झालं होतं? कुणाला कळू नये म्हणून गाठी मारत बसलीस आणि कुणाला कळू नये याची सोय अखेर पूर्ण झाली. बाटलीत दूध नेहमीपेक्षा निम्मंच आलं. थंडीने असेल. तिने झाकण लावलं, बाटलीवर टिलीचं नाव आणि तारीख लिहिली, आणि तारीख लिहिताना तिचा हात क्षणभर अडला.

लॉयडच्या खोलीत रेडिएटर धडधडत होता. तो संस्थेचा प्रमुख, साठीचा, मनाने वाईट नसलेला, छपराच्या गळतीपासून देणगीदारांच्या रुसव्यापर्यंत सगळं अंगावर घेऊन वाकलेला माणूस. शुक्रवारी लूमरांचे आजचे वारस कनेक्टिकटहून येणार होते. कागदांची यादी त्यांना दाखवायची, मग ती सगळ्यांसाठी खुली करायची. यादीच्या मसुद्यावर पहिल्याच पानाच्या वर लिहिलं होतं: इझ्रा लूमर आणि कुटुंबीय.

"मला दोन आठवडे हवेत," आयलीन म्हणाली. "ते शेवटचं खोकं परत लावायला."

"कशावरून लावणार?"

"आठवेल तसं."

लॉयडने चष्मा काढून डोळे चोळले. "आयलीन, तू आठ तास सलग कधी झोपली होतीस, ते आठवतंय तुला?"

"मग निदान यादीत एक ओळ घालू द्या. की हे कागद ऑरिला लूमरने स्वतःच्या पद्धतीने बांधून ठेवले होते आणि तो क्रम संस्थेत मोडला गेला."

"संस्थेत मोडला गेला," तो हळूच म्हणाला, चव बघावी तसा. "शुक्रवारी. त्या लोकांसमोर. आणि व्हर्ना केकचा ट्रे घेऊन शेजारी उभी असताना."

"तिचं नाव नाही घालायचं."

"नाव घालायची गरज आहे का? इथे माणसं किती, चार. तिला वाचता येतं." त्याने चष्मा चढवला. "हे बघ, कुणाला काय हवं असतं? तारीख. कुणीतरी येतो, म्हणतो, चोपन्नच्या संपाचं काय आहे तुमच्याकडे? आपण चोपन्न काढून देतो. तो खूश. बायकोने कशावर काय ठेवलं होतं, हे विचारायला आजवर कुणी आलंय?"

"कुणाला माहीत असेल तर येईल ना."

"तू घरी जा जरा लवकर. आजचा पहिलाच दिवस आहे. माझी बायकोही बाळंतपणानंतर पहिल्या दिवशी कामावर गेली तेव्हा मागच्या सामानाच्या खोलीत बसून रडली होती, पुस्तकाच्या दुकानात होती ती." तो खरोखरच प्रेमाने बोलत होता. भिंतीला ढकलावं तर भिंत उशीसारखी आत जात होती.

केल्विन परगण्याच्या रस्त्यांवरचा बर्फ उपसायच्या गाडीवर कामाला होता. आज पाळी सकाळची असल्यामुळे तो संध्याकाळी घरी होता आणि तव्यावर चीज घातलेला पाव भाजत होता. टिली पाळण्यात होती. गोधडीचा एक कोपरा तिच्या मुठीत, मूठ तोंडाशी. आयलीनने कोटसुद्धा न काढता गुडघ्यावर बसून काठ बघायला सुरुवात केली. तपकिरी ठिपके. लाल फ्लॅनेल, आता गुलाबी. झग्याची दुमड. व्हर्नाचे टाके इतके बारीक आणि सारखे होते की बघताना डोळ्यांत पाणी यावं. निळ्या रेघा कोपऱ्यात होत्या, टिलीच्या मुठीत.

"काय शोधतेस?" केल्विनने मागून विचारलं. तिने सांगितलं, सगळं, तुटक तुटक, मध्येच पाव खात. फ्रिजवर एका चुंबकाखाली टिलीच्या मनगटावरची इस्पितळाची पट्टी होती, आणि तिच्याखाली पेट्रोल पंपाची पावती, जिच्या मागे केल्विनने त्या शनिवारी पहाटे कामावर निघताना लिहून ठेवलं होतं, 'काळजी करू नको, फोन केलास की पोचतोच.' त्या दिवशी तो टिली जन्मल्यानंतर दोन तासांनी पोचला होता. ते दोन कागद एकत्र कुणी लावले, आणि का, हे आजवर दोघांपैकी कुणी बोललं नव्हतं. केल्विनची नजर तिकडे गेली, आयलीनचीही गेली, आणि तो वळून तवा धुवायला लागला.

"फोटो काढ की पट्ट्यांचे," तवा पालथा घालत तो म्हणाला. "गोधडी कशाला उसवायची? त्याशिवाय झोपत नाही ती. मग तूच बसशील रात्रभर."

"सगळी नाही उसवत. एकच."

कारण एकच पुडकं तिला आठवत होतं, पक्कं म्हणावं इतपत. निळ्या रेघांचं, सगळ्यात बारीक. त्यात इझ्राचं बफेलोहून आलेलं पत्र होतं, एकावन्न सालचं, दोन पानं कच्च्या लोखंडाच्या भावाची आणि शेवटी चार ओळी बायकोला. नवं घर बांधतोय, प्रत्येक खोलीत आपली शेगडी असेल, आपली मुलं जिथे निजतील ती खोली कधीही थंड असणार नाही, हा माझा शब्द. त्यावर डॉक्टरचं बिल, ऑगस्ट चोपन्न, पाच भेटींचं. मग चौघडी केलेला कोरा अर्धा कागद. आणि मग, बहुतेक, बर्फवाल्याचं बिल. त्याच ऑगस्टचं. बहुतेक. इथे येऊन तिची आठवण डगमगत होती. बर्फवाल्याचं बिल तिने नक्की पाहिलं होतं, जाड पिवळट कागद, वर बर्फ कापणाऱ्या माणसाचं चित्र. पण ते याच पुडक्यात होतं की शेजारच्या? ऑगस्टात बर्फ सरबताला लागतो. तापलेल्या कपाळालाही लागतो. आणि त्या काळी ज्या घरात कुणाला पुरायला न्यायच्या आधी दोन दिवस निजवून ठेवायचं असे, त्या घरातही बर्फच लागे. बिल नसेल तर त्या पुडक्यात एका मुलाचा ताप होता, आणि तो उतरला असेल. बिल असेल तर पुडकं पुरं होत होतं, आणि नवऱ्याच्या त्या चार ओळींना मिळालेलं उत्तर इतकं गार होतं की आयलीनने तेव्हा, पोट टेबलाला टेकवून वाचताना, हात मागे घेतला असावा. घेतला होता का? हात मागे घेतल्याचं आठवत होतं. कशावरून, ते नव्हतं आठवत. लॉयडने केलेल्या वंशावळीत फक्त मोठी झालेली मुलं होती, त्यामुळे तिथूनही काही कळलं नसतं.

तिने मुठीतून कोपरा सोडवला तशी टिली जागी झाली आणि ओठ काढून रडायला लागली. केल्विनने तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि तो जोरजोरात पावलं टाकत स्वयंपाकघरात फेऱ्या मारायला लागला. आयलीनने नखं कापायच्या छोट्या कात्रीने टाके उसवले. एक एक टाका तुटताना बारीक आवाज होत होता. पट्टी सुटून हातात आली तेव्हा ती आपल्या जुन्या आकाराकडे वळली. व्हर्नाने इस्त्री केली होती, इतक्या वेळा धुऊन झालं होतं, तरी दोन ठिकाणी ती पिळवटलेलीच होती, जिथे एकेकाळी गाठ बसत होती. आयलीनने तो पीळ अंगठ्याखाली धरला. इथून इथपर्यंत. म्हणजे एवढ्या जाडीचं पुडकं. कागद सांगत नसतील, तिची आठवण सांगत नसेल, पण कापड सांगेल. उसवलेल्या जागी तिने पर्समधली पांढरी फीत शिवली, संस्थेत कागद बांधायला वापरतात ती, निर्मळ, बिनरंगी, कशालाही न चावणारी. टिलीने ती मुठीत घेतली, तोंडात घालून बघितली, बाहेर काढली. पुन्हा घातली. झोपायला तिला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठारात कुणी नव्हतं. आयलीनने दोन फोल्डरांतून तीन कागद काढले, आणि 'तारीख नसलेले' असं लिहिलेल्या शेवटच्या फोल्डरातून तो कोरा अर्धा कागद. पत्र खाली. त्यावर डॉक्टर. त्यावर कोरा. बर्फवाल्याचं बिल तिने बाजूला ठेवलं आणि पट्टी गुंडाळली. पीळ पिळाशी आला नाही. बोटभर कमी पडला. तिने बिल आत ठेवून पुन्हा गुंडाळली. बोटभर कमीच, कदाचित किंचित जास्त कमी. बिल बाहेर. आत. पट्टी ताणून बघितली, सैल करून बघितली. मग ती तशीच हातात धरून उभी राहिली, कारण तिला उमगलं. कढत पाणी. कापड आटलं होतं. त्याच्या अंगावरची मापं त्याच्याबरोबर आटली होती, आणि ती आटवली होती तिनेच, आठवड्यातून दोनदा, टिलीला जपताना. पट्टी आता कुठल्याच पुडक्याचं माप सांगणार नव्हती, बिल होतं त्याचंही नाही आणि बिल नव्हतं त्याचंही नाही.

ती बराच वेळ त्या पिवळट बिलाकडे बघत राहिली. बर्फ कापणारा माणूस चित्रात हसत होता. बिल नव्हतं, असं म्हणायला सगळं तिला आतून ढकलत होतं. ताप होता, उतरला, मूल दुसऱ्या दिवशी दूध प्यायलं. इतक्या जोराने ते तिला हवं होतं की त्या हवं असण्यावर तिचा विश्वास बसेना. तिने बिल आत ठेवलं, कोऱ्या कागदावर, सगळ्यात वर. मग नवा फोल्डर घेतला आणि त्याच्या कानावर, तारखेच्या जागी, पेन्सिलीने लिहिलं: ऑरिला लूमर. आतल्या बाजूला, जिथे लॉयड कधी बघत नाही आणि शुक्रवारी कुणी बघणार नव्हतं, तिने बारीक अक्षरात लिहिलं: हे तिने एकत्र बांधलं होतं. सोडलं आम्ही. परत बांधताना बर्फाचं बिल यात होतं की नाही, मला नक्की आठवत नाही.

आता गाठ. पट्टी तोकडी, कागद जुने आणि निसटते. एका हाताने ते दाबून धरावेत तर गाठ मारायला हात एकच उरतो, आणि गाठीवर बोट ठेवायला कुणीतरी दुसरं लागतं. कोठारात दुसरं कुणी नव्हतं. ऑरिलाकडेही नसणार, तिच्या तर दुसऱ्या हातावर मूलच असणार. आयलीनने दाराकडे एकदा पाहिलं. मग मान वाकवली, पट्टीचं एक टोक दातांत धरलं आणि दुसरं हाताने ओढलं. तोंडात साबणाची चव आली, आणि तिच्याखाली आंबूस, ओळखीची, टिलीच्या मुठीची. तिने दात आणखी घट्ट आवळले. पट्टी ताणली, कुठेतरी एक धागा तुटल्याचा आवाज झाला, आणि गाठ बसली.